रिबिनीचं गोल तोरण

नागपूर,
सोमवार, ६ ऑक्टोबर

ती. पंचफुला आत्या यांस,
सा. न.

काल तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही, म्हणून लिहिते. काय घडलं ते क्रमाने असं :

१. बाबा २६ सप्टेंबरपासून हॉस्पिटलमध्ये होते. छातीत दुखत होतं. तुम्हाला कळवू नको असं त्यांनी सांगितलं होतं. काल, रविवारी, त्यांना घरी सोडलं.

२. त्यांना आणायला निघण्याआधी, ७.१५ ला, मी घराच्या दारावर रिबिनीचं गोल तोरण लावलं. पांढरं आणि जांभळं. मधल्या आडव्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत बाबांचं नाव. दाराला कुलूप लावून मी निघाले.

३. ८.३० च्या सुमारास समोरच्या यमुताई दूध घ्यायला बाहेर आल्या. त्यांनी कुलूप पाहिलं, गोल पाहिलं, नाव वाचलं. ते त्यांना पुष्पचक्र वाटलं. प्रेतावर वाहतात ते.

४. त्यांनी खाली जाऊन भैय्याजींना सांगितलं. भैय्याजी आमच्या सोसायटीचे सचिव आहेत.

५. ९.१० ला भैय्याजींनी तुम्हाला काटोलला फोन करून मनोहरराव गेल्याचं सांगितलं.

६. ९.५० ला बाबा आणि मी ऑटोतून उतरलो. जिन्यात अकरा माणसं होती. दोघे बांबू आणायला निघाले होते. यमुताई बाबांना पाहून पायरीवर बसल्या.

७. १.२० ला तुम्ही दारात आलात. बाबा दलिया खात होते. ते हसून म्हणाले, "काहून वं बाई, आली ना शेवटी!"

८. १.२१ ला तुम्ही परत गेलात. मी रस्त्यापर्यंत धावले. ऑटो निघाली होती.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. चूक तोरणाची, म्हणजे माझी.

बाबांची बायपास २७ ऑक्टोबरला ठरली आहे. संमतीचा कागद टीव्हीजवळ पडून आहे. सही करा म्हटलं की म्हणतात, घाई काय आहे. खुर्ची त्यांनी दारासमोर ओढून घेतली आहे आणि दार लावू देत नाहीत.

माहितीसाठी कळवलं.

भूमिका

*

काटोल,
ता. ८

चि. भूमिकेस अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र पोचलं. ठाण्यात रपट लिहावी तसं लिहिलं. पयले मले "आत्या, तू" म्हणत होती, आता "तुम्ही" झाली. होऊ दे. सहा वर्षांत माणूस लांब जाते.

आता मायं ऐक. फोन आला तेव्हा मी बाजारात संत्र्याच्या ढिगाजवळ बसून छाटणी करून राहिली होती. मोठं फळ इकडं, बारकं तिकडं. तुमच्या त्या भैय्याजीनं सांगतलं अन् लगेच ठेवून देला. मी तिथंच नळाखाली बसून डोक्यावरून पाणी घेतलं. घरी जाऊन लुगडं बदललं अन् ओल्या केसानं यष्टीत बसली. कळमेश्वरपर्यंत रडली. बाजूची बाई बिचारी पाण्याची बाटली पुढं करून राहिली. मी तिले सांगतलं, मायाहून सात वर्षांनं लहान होता वं, त्याले कडेवर घेऊन मी शेण उचललं.

सहा वर्षांपयले मी तुया बापाले म्हटलं होतं, "मनोहर, तू मेल्याबिगर तुया दारात पाय ठेवणार नाही." शब्दाले धरून आली. दारावर तुयं ते गोल लटकलेलं, त्यावर त्याचं नाव, अन् आतमधी हा दलिया खाऊन राहिला. वरून हसते! मले वाटलं का मी काही तमाशाची बाई होय. वळली अन् आली.

एक गोष्ट. मी तीस वर्षं फळ छाटलं. डझनात एक कमी असलं तं पाहा लागत नाही, हाताले समजते. तुया यादीत नऊ पन्नास अन् एक वीस यांच्यामधी साडेतीन घंटे कमी हायेत. नऊ पन्नासले तो जिता उभा होता ना? मंग मले फोन काहून नाही केला? बस पावणेअकराची होती. मी घरून निघाली नव्हती.

दुसरी गोष्ट विचारते, नीट वाच. माणसाच्या डोक्यावर कावळा बसला तं आपल्यात ते वाईट समजतात. मंग तो मेला अशी खोटी खबर नातेवाइकाले देतात. त्यायनं रडून घेतलं का घात टळते. आमच्या आबाजीची अशीच खबर आली होती, अख्खं घर रडलं, अन् आबाजी मंग बावीस वर्षं जगले.

तं मनोहरच्या डोक्यावर कावळा बसला होता का? बसला असन तं तसं लिही. मंग मायं रडणं कामी आलं. माया राग नाही.

पंचफुला

*

नागपूर,
शुक्रवार, १० ऑक्टोबर

ती. आत्या यांस,
सा. न.

पत्र काल मिळालं. टपालपेटी मी सकाळपासून चार वेळा उघडून पाहिली होती. पोस्टमन दुपारी येतो हे मला माहीत आहे.

बाबांना पत्र वाचून दाखवलं. कावळ्याचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "लिहून टाक ना बसला म्हणून. तुयं काय जाते?"

मी लिहिलं. एका ओळीचं पत्र. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला. नंतर ते पाकीट फाडलं. कावळा बसला नव्हता. हॉस्पिटलच्या दारातून ऑटोपर्यंत बाबा माझा हात धरून चालले. मी पूर्ण वेळ त्यांच्याकडेच पाहत होते.

साडेतीन तासांचं तुम्ही बरोबर ओळखलं. क्रमांक ६ आणि ७ यांच्यामध्ये एक मुद्दा आहे, तो मी वगळला होता. ९.५५ ला भैय्याजी जिन्यात म्हणाले, "अरे बापरे, मैंने तो काटोल में भी फोन कर दिया. थांबा, आत्ता सांगतो त्यांना." बाबा म्हणाले, "राहू द्या."

भैय्याजी म्हणाले, "अहो, बाई रडत असेल."

बाबा म्हणाले, "म्हणूनच राहू द्या. पाहू येते का."

माझा फोन माझ्या हातात होता. तुमचा नंबर माझ्याकडे आहे. मी दहा मिनिटं फोन हातात धरून उभी होते, मग चार्जिंगला लावला. त्याची बॅटरी ७१ टक्के होती. बाबांनी अडवलं म्हणून मी थांबले असं लिहिता येईल, पण ते पूर्ण खरं नाही. तुम्ही येता का, ते मलाही पाहायचं होतं.

आता तोरणाबद्दल. मौद्याला प्लांटमध्ये माझं काम तापमान आणि दाब मोजणाऱ्या उपकरणांचं आहे. आकडा हलला की का हलला ते शोधायचं. हॉस्पिटलमध्ये बाबांच्या उशाशी तसाच पडदा होता, त्यावर आकडे हलत होते, आणि मला बाहेरच्या बाकावर बसायचं होतं. दोन दिवस मी नुसती उठत-बसत होते. तिसऱ्या दिवशी इतवारीतून एक इंच रुंदीची सॅटिनची रिबीन आणली. दोन पांढरी रिळं, एक जांभळं. दुकानात त्या दिवशी हेच दोन रंग एका जातीचे होते, बाकीचे पातळ होते. तीन मिलिमीटरची तार वाकवून तीस सेंटीमीटर व्यासाचं कडं केलं. रिबिनीचे सोळा-सोळा सेंटीमीटरचे तुकडे कापले, टोकं मेणबत्तीवर धरली की दशा निघत नाहीत. प्रत्येक तुकडा दुमडून तारेवर गाठ मारायची, एका सेंटीमीटरला एक. एकूण चौऱ्याण्णव गाठी. सत्तर पांढऱ्या, चोवीस जांभळ्या. मोबाइलवर असं एक परदेशातलं तोरण पाहिलं होतं, तिथे ते दाराला लावतात. आपली नावाची पाटी फुटली आहे, म्हणून मधल्या पट्टीवर बाबांचं नाव घातलं. "सुस्वागतम्" घालायचं होतं, पण जागा उरली नाही.

एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती. सातव्या दिवशी वॉर्डच्या वॉचमनने विचारलं, "किसका है?" मी म्हटलं, "बाबांचं." त्याने टोपी काढली. मला वाटलं, त्याला उकडतंय.

आणखी एक. तुमचा नंबर भैय्याजींकडे कसा, हे तुम्ही विचारलं नाही. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, असा रकाना आहे. जानेवारीत सगळ्यांकडून तो नव्याने भरून घेतला. आमच्या पानावर बाबांनी स्वतःच्या अक्षरात पहिल्या ओळीत तुमचं नाव आणि नंबर लिहिला आहे. माझं नाव दुसऱ्या ओळीत आहे. मी काल खाली जाऊन पाहून आले.

बाबांनी सही केलेली नाही.

भूमिका

*

काटोल,
ता. १३

चि. भूमिकेस आशीर्वाद.

तुले शिकवून शिकवून काय शिकवलं त्या कॉलेजानं? म्या तुले दार उघडून देलं होतं वं! तू येऊन ते आतून लावून घेतलं, अन् वरून कडी नीट बसली का तेही पाह्यलं.

मले समजत नाही का, कावळा नाही बसला ते? मी काय एवढी भोळी? "बसला" एवढंच लिहाचं होतं. ज्याच्यावर बहीण रडून घेते तो एकडाव मेलाच, अन् मंग नवा झाला. नव्या माणसाच्या दारात पाय ठेवाले कोणती शपथ आडवी येते? तेवढ्यासाठी म्या कावळा काढला होता. तुया बापाले लगेच समजलं. तुले नाही समजलं. तू आपली बॅटरी एकाहत्तर टक्के होती ते लिहून राहिली.

सुशीलच्या वेळी हेच केलं तू. साक्षगंध चार दिवसांवर. नको होता मुलगा, नको. मी काही तुले बांधून देत नव्हती. पत्रिका जुळत नाही म्हटलं असतं, घरात अडचण आली म्हटलं असतं, मी सांभाळून घेतलं असतं. पण त्याची माय कामिनी मायी नणंद, मायाच सासरची, अन् तिले भरल्या बैठकीत तू म्हणते, "मी त्याच्याशी चाळीस मिनिटं बोलले. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही." चाळीस मिनिटं! घड्याळ लावून बसली होती. खरंच बोलली असशीन. तो आताही कोणाले काही विचारत नाही, त्याची बायको सांगते. पण मी त्या घरात अजून नांदते ना! सहा वर्षं मले चहासोबत ते चाळीस मिनिटं पाजतात. अन् तुया बाप त्या दिवशी मायाकडं न पाहता म्हणे, "पोरगी खोटं तं बोलली नाही." त्या बोलण्यावर मी शपथ घेतली. तुयावर नाही घेतली, त्याच्यावर घेतली.

खरं बोलावं. पण समोरच्याले उभं राहाले बोटभर जागा ठेवून बोलावं.

अन् ते नऊ दिवस बाकावर. एकटी बसली होती? मौद्याची नोकरी, इकडं बाप, डबा कोण देत होतं? मले एक फोन करता आला नाही तुले? म्या त्याच्या दारात पाय ठेवणार नाही म्हटलं होतं. हॉस्पिटलचं दार त्याचं होतं का?

त्यानं मायं नाव पयलं काहून लिहिलं, ते त्याले विचार. मले नको सांगू.

ते गोल पयले खाली उतरव. दारावर बंद गोल लावत नाहीत. तोरणाले दोन टोकं लागतात, एक या खिळ्याले, एक त्या खिळ्याले, अन् मधातून माणूस येते-जाते. आंब्याच्या पानाचं असो का तुया रिबिनीचं. अन् रंग तं घाल काही! पांढरं अन् जांभळं, कोणाचं डोकं चालते असं.

त्याले म्हणा सही कर. उगाच हट्टानं बसला आहे दारात. मी काही येत नाही. कोणत्या तोंडानं येऊ? तू एक कावळा देऊ शकली नाही.

दलियात मीठ घालू नको, तो मागन. जिरं घाल.

पंचफुला

*

नागपूर,
बुधवार, १५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र काल मिळालं. आधी ६ ऑक्टोबरच्या पत्रातली दुरुस्ती. क्रमांक ५ नंतर हे वाचावं :

५-अ. रविवार, ५ ऑक्टोबर, सकाळी ९.२०. मी औषधं घेत होते. बाबा हॉस्पिटलच्या फाटकाजवळ कडुनिंबाखाली उभे होते. डावीकडून एक कावळा आला आणि बाबांच्या डोक्यावर बसला. साधारण चार सेकंद. उडताना त्याने पंख बाबांच्या कानाला लावला.

५-ब. खबर भैय्याजींनी आधीच दिली होती, ती चुकून. ती मागे घेतली नाही, ती मात्र या कारणाने.

१० तारखेच्या पत्रात "कावळा बसला नव्हता" असं एक वाक्य आहे. ते रद्द समजावं. मी पूर्ण वेळ बाबांकडे पाहत होते, हेही. मी औषधांच्या खिडकीकडे तोंड करून होते.

हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कान कोणता ते लिही. ती विचारन." उजवा.

तोरण सोमवारीच खाली काढलं होतं. तुझं पत्र यायच्या आधी. यमुताई रोज दार उघडताना डोळ्यांवर पदर घेत होत्या. काल कामावरून आल्यावर पकडीने तारेचा जोड तोडला आणि ती सरळ केली. बाबांनी एक टोक धरलं. त्यांना हात वर करायला मनाई आहे, म्हणून ते खुर्चीत बसून होते आणि मी दुसरं टोक ओढत होते. नावाची पट्टी काढली. इतवारीत पुन्हा गेले, पिवळी आणि लाल रिबीन आणली. पांढऱ्यांपैकी चाळीस गाठी सोडवून तिथे त्या बांधल्या. नख तुटलं.

मग दाराला लावून पाहिलं. तीस सेंटीमीटरच्या कड्याचा परीघ चौऱ्याण्णव. दाराची चौकट एकशे सात. डाव्या बाजूला तेरा सेंटीमीटर कमी पडतात. मी ते टोक दोऱ्याने खिळ्याला बांधलं आहे. दोरा दिसतो. भैय्याजी जाता-येता थांबतात आणि म्हणतात, "बेटा, ये आधा काहे को छोडा?"

तेरा गाठी मला एका तासात बांधता येतात. लाल रिबीन उरली आहे, तारही आहे. बांधल्या नाहीत.

डबा प्लांटच्या कँटीनमधून आणत होते. दोन दिवस मुग्धाने दिला, ती माझ्या विभागात आहे. बाकी दिवस एकटी होते. फोन करावा असं पाचव्या दिवशी वाटलं होतं. तुझा नंबर काढला होता. तू उचललास तर काय म्हणायचं ते ठरवता आलं नाही, म्हणून केला नाही. कामिनीआत्यांसमोर मी जे बोलले ते त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. ते आधी तुझ्याशी बोलायचं होतं. हे मला त्याच दिवशी, ऑटोत बसल्यावर कळलं होतं.

जिरं घातलं. मीठ मागितलंच.

बाबा आता दर थोड्या वेळाने उठतात, चौकटीपाशी जातात, तो दोरा बोटाने दाबून पाहतात आणि परत येऊन बसतात. आज सकाळी मी पाच वेळा मोजलं. नंतर मोजणं सोडून दिलं, कारण मीही तेच करत होते. सहीच्या कागदावर त्यांनी चष्मा ठेवला आहे. पेन मी शेजारी ठेवलं, ते त्यांनी उचलून बाजूला केलं नाही.

२७ तारखेला सोमवार आहे. हॉस्पिटलला सही दोन दिवस आधी, शनिवारी, हवी आहे. त्याआधी गुरुवारी, २३ ला, भाऊबीज आहे. मी त्या दिवशी सुट्टी टाकली आहे. सकाळच्या बसने निघालीस तर मी स्टँडवर उभी राहीन. निळी स्कूटर आहे, मागे बसता येईल ना, की ऑटो करू, तेही लिही.

लाल रिबीन आणि कात्री दाराजवळच्या कपाटात ठेवली आहे. तुकडे सोळा सेंटीमीटरचे कापायचे. तुझ्या हाताने पंधराचे झाले तरी चालतील.

पत्र दिवाळीच्या सुट्टीत अडकेल, तेव्हा फोन केलास तरी चालेल. मी पहिल्या रिंगला उचलते. येणार की नाही, ते सोमवारपर्यंत, २० तारखेपर्यंत, कळव.

भूमिका